अण्णांच्या ग्लासावरचा फेस

नातीची एक अर्धी कोरी वही घरात निघाली. पुढच्या पानांवर भूगोल आहे, मागची पानं तशीच. कोरं पान टाकवत नाही, म्हणून लिहायला बसले. हे कोणाला दाखवायचं नाही. लिहून झालं की कपाटात साड्यांच्या खाली जाईल.

माझी शाळा चौथीपर्यंत. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. लग्नात उखाणा घ्यायला लावला, तेव्हा मी इतकी गप्प बसले की शेवटी माझ्या जावेनं माझ्या वतीनं घेतला. लिहिताना मात्र समोर कोणी नसतं, त्यामुळे बरं वाटतं.

अठ्ठावीस वर्षं मी खामगावात लोकांच्या घरी स्वयंपाक केला. गुडघ्यांनी ऐकेनासं केलं तेव्हा सोडला. हे काम बाहेरून सोपं दिसतं. भाजी, पोळी, वरण, भात, त्यात काय आहे! पण आपल्या घरी आपण आपल्या हाताची चव करतो, आणि दुसऱ्याच्या घरी आपल्या हातानं त्यांच्या आईची चव करावी लागते. ती आई कधी भिंतीवर फोटोत असते, कधी समोर खुर्चीत बसून बघत असते. एका घरी वरणात गूळ पडला नाही तर जेवण झालं असं वाटत नाही. त्याच गल्लीत दुसऱ्या घरी गूळ पडला तर माणसं ताटावरून उठतात. मी दोन्ही घरी एकाच सकाळी वरण करत होते. चूक होऊ नये म्हणून गुळाच्या घरी जाताना रस्त्यात मनात गूळ गूळ म्हणत जायची.

माणसंही एकेक भेटली. बदलीवर आलेले एक बँकेतले साहेब होते, एकटेच राहायचे. पोळी ताटात आली की तिच्यावर वाटी उपडी ठेवून चारी बाजूंनी सारखी आहे का बघायचे, मग खायचे. दोन वर्षं मी त्यांच्या वाटीला घाबरले. एका घरी आजी अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना दिसत नव्हतं, पण फोडणीचा आवाज आतल्या खोलीत ऐकून त्या ओरडायच्या, "कमल, मोहरी राह्यली वो तडतडाची!" आणि खरंच राहिलेली असायची.

मी काम शिकले ते सोवळ्याच्या घरी. तिथं नैवेद्य होईपर्यंत चव बघायची नाही. ती सवय कायमची लागली. भाजी उकळताना वास नाकात गेला की मीठ कमी आहे का ते मला कळतं. त्या घरच्या बाईंनी आणखी एक गोष्ट अंगात भिनवली. डाळीला पहिली उकळी आली की वर फेस येतो, तो पळीनं काढून टाकायचा. साखरेच्या पाकाला दुधाचा हबका मारायचा, मळी वर येते, ती काढायची. पाक आरशासारखा स्वच्छ दिसला पाहिजे. इतकी वर्षं मी जिथं फेस दिसला तिथं पळी घातली. पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं.

त्याआधी एक गोष्ट लिहिते, कारण ती मनातून जात नाही. एका घरी कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी होती. मी घाईत तिच्यात ओला चमचा घातला. पंधरा दिवसांत लोणच्याला बुरशी आली. भांडी घासणारी शांता बरण्या धुऊन ठेवायची, म्हणून सगळ्यांचा संशय तिच्यावर गेला. ती म्हणाली, बरणी कोरडी होती. कोणी ऐकलं नाही. तिचं काम गेलं. मी तिथंच ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होते. तोंड उघडलं नाही. शांता जाताना माझ्याकडं बघून म्हणाली, "तू तरी सांग ना वो." मी कोथिंबीर निवडत राहिले.

आता अण्णांकडची गोष्ट.

अण्णांचं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान होतं. घरात तीनच माणसं. अण्णा, काकू आणि त्यांची मुलगी रसिका. रसिका पहिलीत होती तेव्हा मी तिथं लागले, आणि बावीस वर्षं राहिले. रसिका ओट्यावर बसून माझ्या हातची कच्ची कणीक खायची. काकू मनमोकळ्या. अण्णांशी मात्र मी बावीस वर्षांत सरळ बोलले नव्हते. ते जेवताना काकूंना सांगायचे, "भाजी बरी झाली." काकू आत येऊन मला सांगायच्या. मी मान हलवायची. मग काकू बाहेर जाऊन सांगायच्या, "तिनं मान हलवली." एवढाच आमचा व्यवहार.

रविवारी संध्याकाळी अण्णा वरच्या खोलीत वाचायला जायचे. सगळं घर त्याला वाचनच म्हणायचं. वाचनाला लागायचे म्हणून मी शेंगदाणे तळून, कांदा-लिंबू घालून वर पाठवायची. वरच्या कपाटात एकही पुस्तक नव्हतं, हे झाडू मारणाऱ्या बाईपासून शेजारच्या घरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांना वाटायचं, कोणाला ठाऊक नाही.

रसिका पुण्यात शिकली, तिथंच नोकरीला लागली. मग घरूनच काम करायचं म्हणून कंप्युटर घेऊन खामगावला आली. एक दिवस तिनं जेवताना सांगून टाकलं की तिला एक मुलगा पसंत आहे. नाव अमोल. देऊळगाव राजाचा, घरी वांगी-मिरचीची शेती, भाऊ बघतो. हा पुण्यात एका मोठ्या हॉटेलात.

"हॉटेलात काय करते?" अण्णांनी विचारलं.

"कॉफी बनवतो. आणि कॉकटेल."

ताटातला घास तसाच राहिला. "म्हणजे दारू पाजते लोकाले?"

"अण्णा, ते शिकावं लागतं. पाच वर्षं शिकलाय तो."

"पाजाले शिका लागते व्हय! पिणं वेगळं अन् पाजणं वेगळं, रसिका. पाजणारा जावई मले नाही पाहिजे."

काकू तरातरा आत आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "विचार बरं तुह्या अण्णाले, रविवारी वर कोणतं पुस्तक वाचता म्हणा!" मी पदर तोंडात धरला. मी काय विचारणार!

पंधरा दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. मी केलेला स्वयंपाक तसाच परत यायचा. शेवटी रसिकानं अण्णांना एवढंच मागितलं की एकदा त्याला घरी येऊ द्या, तो काय शिकलाय ते स्वतः बघा. अण्णा म्हणाले, "येऊ दे एक वेळ. पाहू काय कला आहे ते. नाही पटली तं इषय बंद. मंग अकोल्याच्या स्थळाले मी हो म्हणतो, अन् तू चूप राहशीन." रसिका हो म्हणाली. ती हो म्हणाली तेव्हा माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली.

दोन दिवस आधी तिनं मला ओट्यापाशी बसवून सगळं समजावलं. कडक काळी कॉफी करायची. त्यात साखरेचा पाक. बाकीचं अण्णांच्या वाचनाच्या कपाटातलं. भरपूर बर्फ. मग सगळं झाकणाच्या पेल्यात घालून जोरात हलवायचं.

"जायफळ किती?" मी विचारलं.

"जायफळ नाही, मावशी."

"दूध?"

"दूध पण नाही."

दूध नाही, जायफळ नाही, त्याला कॉफी कशाला म्हणायचं ते मला कळेना. पण माझ्याकडं दोन कामं होती, बर्फ आणि पाक. बर्फाचा ट्रे लहान, म्हणून मी घरातल्या सगळ्या वाट्या पाणी भरून फ्रीजमध्ये लावल्या. दोन दिवस अण्णा ताटात आमटी ओतून खात होते. पाकाला मी दुधाचा हबका मारला, मळी काढली, कापडातून गाळला.

अमोल रविवारी दुपारी चारला आला. सडपातळ, पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. अण्णांच्या, काकूंच्या पाया पडला. मग आत येऊन माझ्याही पाया पडायला वाकला. माझे हात पिठाचे, मी मागं सरकले तर गॅसला आपटले.

तो म्हणाला, "मावशी, ओटा तुमचा आहे. मी कुठं उभा राहू?"

बावीस वर्षांत त्या ओट्याला माझा कोणी म्हटलं नव्हतं. मी बोटानं खिडकीकडची जागा दाखवली.

मग त्यानं पाक बघितला. बाटली उजेडात धरली. "मावशी, हॉटेलात एवढा स्वच्छ पाक होत नाही हो आमच्याकडं. आरशासारखा केलाय!"

तो एवढं म्हणाला नसता तर पुढचं घडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

त्याच्या पिशवीत एक छोटी किटली होती. खाली पाणी, मधल्या जाळीत कॉफीची पूड. खालून आच लागली की पाणी पुडीतून वर चढतं आणि वरच्या भांड्यात काळीभोर कॉफी जमते. तिचा वास सगळ्या घरात गेला. वास कडू, पण चांगला. मग त्यानं स्टीलच्या उंच पेल्यात बर्फ, कॉफी, पाक आणि वरच्या कपाटातून आणलेलं अण्णांचं ते घातलं, झाकण घट्ट बसवलं, आणि पेला कानाशी धरून दोन्ही हातांनी असा हलवला की कपाटातल्या बशा वाजायला लागल्या.

बैठकीतून अण्णांचा आवाज आला, "काय फोडून राह्यला तो?"

"काही नाही फोडत. कला होय ते!" काकूंनी उत्तर दिलं.

काकूंच्या लग्नात आलेले आइस्क्रीमचे उंच पायाचे ग्लास शोकेसमधून पहिल्यांदा बाहेर निघाले होते. अमोलनं त्यात गाळणीतून ओतलं. एक अण्णांचा, एक काकूंचा. काकूंच्यात कपाटातलं काही नव्हतं, तो त्यानं वेगळा हलवला होता. खाली काळं आणि वर दोन बोटं जाड फेस, नव्या गुळाच्या रंगाचा. प्रत्येक फेसावर त्यानं कॉफीच्या तीन-तीन बिया हळूच ठेवल्या.

तेवढ्यात अण्णांनी हाक मारली. "अबे पोट्ट्या, बाहीर ये. दोन शब्द बोलू दे आधी."

अमोल हात पुसून गेला. रसिका चांगला ट्रे आणायला वर पळाली. मी आणि ते दोन ग्लास एवढेच राहिलो.

मी फेसाकडं बघितलं. दोन बोटं फेस! अण्णांसमोर हे असं जाणार? पोरगा घाबरलेला, बोलावणं आलं म्हणून धावत गेला, वरचं काढायचं राहून गेलं असणार. आणि वर न दळलेल्या बिया पडलेल्या. तांदळात खडे राहावेत तशा. ज्यानं पाकाचं एवढं कौतुक केलं, त्याची लाज आपण राखली पाहिजे, असं माझ्या मनात आलं.

मी चमचा घेतला. आधी सहाच्या सहा बिया वेचल्या, धुतल्या, पुसल्या आणि त्याच्या पिशवीतल्या बियांच्या पुड्यात परत टाकल्या. मग दोन्ही ग्लासांवरचा फेस काठाकाठानं वाटीत काढला. एक बुडबुडा ठेवला नाही. आता खालचं काळं आरशासारखं दिसायला लागलं. पण ग्लास अर्धेच भरलेले दिसत होते. पाहुण्याच्या हातचा अर्धा ग्लास अण्णांपुढं कसा ठेवायचा? किटलीत कॉफी उरली होती, गरम. ती मी दोन्हींत काठोकाठ ओतली. मला फार समाधान वाटलं.

काकू आल्या आणि साधाच ट्रे घेऊन गेल्या. मी दाराच्या पडद्याआड उभी राहिले.

अण्णांनी ग्लास उचलला. अमोलची नजर ग्लासावर गेली आणि त्याचा चेहराच उतरला. तो म्हणाला, "काका, थांबा, तो ग्लास..." पण अण्णांनी घोट घेतला होता. त्यांनी तोंड असं केलं की मला वैद्याचा कडू काढा आठवला. काकूंनीही एक घोट घेतला आणि ग्लास टीपॉयखाली ठेवून दिला.

"हे?" अण्णा म्हणाले. "हे शिकाले पाच वर्षं लागले तुले? ना गरम, ना थंड. याच्यापेक्षा आमची ढेप भिजवलेलं पाणी बरं लागते बे."



अण्णांनी ग्लास ठेवला. घड्याळाकडं बघितलं. "गाडी कितीची आहे तुही?"

"सहाची आहे, काका."

"मंग निघ. उशीर नको होऊ."

झालं. रसिका जिन्यात ट्रे घेऊन उभी होती, तिनं हे ऐकलं. ती सरळ स्वयंपाकघरात आली. बेसिनपाशी फेसाची वाटी होती. तिनं वाटी बघितली, मला बघितलं. "मावशी, हे काय केलं तू?" एवढंच म्हणाली आणि पिठाच्या डब्यावर बसली.

"मळी होय ना ते," मी म्हणाले.

"मावशी, तोच तर असतो त्याच्यात! त्या फेसासाठीच तर हलवतात एवढं!"

अमोल पिशवी घ्यायला आत आला. त्यालाही वाटी दिसली. मला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडला तर त्याचं बरोबरच आहे. तो हळू आवाजात म्हणाला, "असू द्या, मावशी. कोणाला सांगू नका." किटली पिशवीत घातली, बाहेर गेला आणि अण्णांना म्हणाला, "काका, माझ्याकडून बर्फ कमी पडला. तुमचा वेळ गेला. येतो मी."

तो चप्पल घालायला लागला. मी ओट्यापाशी. शेजारी कोथिंबिरीची जुडी होती. मला शांताचा चेहरा दिसला. पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी वाटी उचलली आणि पडदा सारून बैठकीत गेले, जिथं पुरुषमाणसं बसलेली असताना मी कधी गेले नव्हते.

"अण्णा, फेस मीनं काढला," मी म्हणाले.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. काकूही. रसिका मागं येऊन उभी राहिली.

"त्यानं चांगलं केलतं. मले मळी वाटली, मीनं काढून टाकली. बिया बी मीनंच वेचल्या. ग्लास अर्धे दिसून राह्यलते म्हणून वरून गरम कॉफी ओतली. ह्या पोराची काही चूक नाही. हे पाहा." आणि मी वाटी त्यांच्यापुढं धरली. फेस आता बसून तळाशी चमचाभर उरला होता. पुरावा म्हणून तो काही फार चांगला दिसत नव्हता.

काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. अण्णा हसले नाहीत.

"कमल, तुले बोलता येते?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

मग ते अमोलकडं वळले. तो एक पाय चपलेत घालून तसाच उभा होता. "तुले माहीत होतं काय हिनं काढला म्हणून?"

अमोलनं माझ्याकडं बघितलं.

"माहीत होतं तं बोलला काऊन नाही? मी तुले एवढं टाकून बोललो."

"मावशीचं इथं रोजचं काम आहे, काका," अमोल म्हणाला. "मी तर सहाच्या गाडीनं जाणारच होतो."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "चप्पल काढ. पुन्हा कर. अन् कमल, तू तिकडं भिंतीले टेकून उभी राह्य. ग्लासाले हात लावजो नको."

आणि अण्णा स्वतः स्वयंपाकघरात आले! बावीस वर्षांत पहिल्यांदाच. आपलं मीठ कुठल्या डब्यात असतं तेही त्यांना ठाऊक नव्हतं. खुर्ची घेऊन ते ओट्यासमोर बसले आणि अमोलच्या हातांकडं बघत राहिले. किटली पुन्हा चढली. बर्फ वाट्यांतून निघाला. पेला हलायला लागला तसं अण्णांचं डोकंही हलायला लागलं. ओतताना वर फेस उभा राहिला, आणि मला हात मागं धरून ठेवावा लागला. सवय वाईट असते.

अण्णांनी घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मिशीवर फेस लागला, त्यांनी पुसला नाही. मग वरच्या तिन्ही बिया तळलेल्या शेंगदाण्यासारख्या कडकड चावून खाल्ल्या. त्या चावायच्या नसतात, असं अमोल सांगणार होता, पण रसिकानं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. ग्लास रिकामा झाला. अण्णांनी तो ओट्यावर ठेवला आणि काही न बोलता बैठकीत जाऊन बसले.

आता कोणालाच कळेना काय झालं. काकू मला म्हणाल्या, "आवडलं का नाही ते तरी सांगा म्हणावं!" पण विचारायला कोणी जाईना. सहा वाजून गेले. अमोल पिशवी मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसला होता, रसिका एक पायरी वर. तिचं सगळं आयुष्य बैठकीतल्या त्या गप्प माणसापाशी अडकलं होतं.

माझी भाकरी टाकायची वेळ झाली. आमच्या कामात रोज संध्याकाळी एक गोष्ट विचारावी लागते, आज किती जणांचं करायचं? ते मी नेहमी काकूंना विचारायची. त्या दिवशी तोंड एकदा उघडलंच होतं, तर म्हटलं, दुसऱ्यांदा उघडू. मी परात घेऊन पडद्यापाशी गेले.

"अण्णा, किती जणांचं करू?"

अण्णांनी पेपर खाली केला. माझ्याकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं. बोटं मोजली.

"आज चौघांचं," ते म्हणाले. "अन् येत्या रविवारी आठ-दहा जणाचं धरजो. देऊळगावहून पाहुणे येतीन, त्याचे मायबाप. वांग्याची भाजी कर. त्यांच्या घरचं वांगं आहे म्हणे, तं पाहू कसं आहे ते."

मी आत आले. पीठ घ्यायचं होतं, पण रसिका पुन्हा पिठाच्या डब्यावर येऊन बसली होती आणि रडत होती, आणि तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं. भाकरी अर्धा तास उशिरा झाली.